वेंगुर्ल्यातलं बिनपाटीचं नाण्यांचं दुकान

चार फेऱ्या मारल्या, तीन नाणी घेतली, त्यातलं एक परत केलं आणि पहिल्याच दिवशी चारचौघांत पाणउतारा करून घेतला. एवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

आधी माझी ओळख, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, पणजी हा पट्टा पायाखालचा. दिवसाला हजारभर नाणी बोटांखालून जायची. रात्री वेबिल जुळवताना दिवे गेले तरी पाच रुपयाचं आणि दोन रुपयाचं अंधारात वेगळं काढायचो. त्यामुळे नाण्यातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो या दुकानात उतरला.

दुकान वेंगुर्ल्याच्या बाजारात आहे. पाटी नाही. काजूगराच्या दुकानाला लागून एक अरुंद लाकडी जिना वर जातो आणि वर पहिल्याच खोलीत काचेचं टेबल. कोणालाही 'नाण्यांचे आबा' विचारा, दाखवतील. वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोळ्याला घड्याळवाल्यासारखं भिंग आणि पंखा कायम बंद. मे महिन्यात गेलात तर घाम पुसायला टॉवेल न्या. पंखा का बंद, तर पुठ्ठ्याच्या चौकटीतली नाणी उडत नसली, तरी त्यांच्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्या उडतात. चिठ्ठीवर साल, टांकसाळ, कोणत्या गावातून आलं ते. नाव लिहीत नाहीत, गाव लिहितात. आरोंदा, शिरोडा, निवती, देवगड.

मी गेलो तो घरचा डबा घेऊन. आजोबा पोर्तुगीज अमदानीत म्हापशाला एका पावाच्या भट्टीवर कामाला होते. सहा महिन्यांनी घरी यायचे ते कमरेच्या कशात रुपये बांधून. त्यातले काही आजीने खर्चलेच नाहीत, पत्र्याच्या डब्यात ठेवले. डब्यात अकरा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरियाचे रुपये, दोन पोर्तुगालच्या लुईश राजाचे १८८१ चे, एक १९४७ चा पोर्तुगीज रुपया आणि एक भलंमोठं बाईचं नाणं. ते बाईचं नाणं आम्ही लहानपणापासून 'देवीचा रुपया' म्हणायचो आणि दर लक्ष्मीपूजनाला सगळ्यांसोबत पाटावर मांडायचो. मांडण्याआधी चिंच आणि रांगोळी लावून लख्ख घासायचो. हे काम माझ्याकडे असायचं. चाळीस दिवाळ्या तरी मी ते मन लावून केलंय.

आबांनी डबा उघडला, एक राणीछाप उचलला, भिंगाखाली धरला आणि विचारलं, "ह्यो कोणी घासल्यान?"

मी अभिमानाने म्हटलं, मीच.

"राणयेचां नाक खंय गेलां?"

खोलीत आणखी तीन गिऱ्हाईकं होती. ती हसली. मग आबांनी माझ्याच रुपयाशेजारी त्यांच्याकडचा १८६२ चा रुपया ठेवला. तो काळपट, कडेला निळसर झाक आलेला. मला तो मळका वाटला. भिंगातून बघितलं तर राणीच्या मुकुटातले खडे मोजता येत होते, बाहीवरची वेलबुट्टी दिसत होती. माझा रुपया चमकत होता, पण त्यावरची बाई म्हणजे कोळणीने तासलेला बोंबील. चांदीवर वर्षानुवर्षं चढणारा तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो बनतो आणि खालच्या धातूला तो जवळजवळ पांघरुणासारखा असतो. घासलं की थरासोबत चांदीही जाते, आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमतही. माझ्या अकरा राणीछापांना आबांनी नुसता वजनाचा भाव सांगितला. वर, "दिवाळेक परत तेच करतलात," हेही ऐकवलं.

राग आला. खोटं का बोलू? जिना उतरताना ठरवलं होतं की परत इथे पाय ठेवायचा नाही. पण त्यांनी डब्यातलं ते 'देवीचं' नाणं बाजूला काढून ठेवलं होतं आणि त्याबद्दल जे सांगितलं ते डोक्यातून जाईना.

ती देवी नव्हेच. ती ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपात दाखवलेलं ब्रिटन. हातात त्रिशूळ आहे म्हणून आमच्या घरात देवी झाली. नाणं म्हणजे ब्रिटिश व्यापारी डॉलर. १८९५ पासून १९३५ पर्यंत पाडला जायचा, वजन २६.९५ ग्रॅम, हजारात नऊशे भाग चांदी. मागच्या बाजूला चिनी आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत 'एक डॉलर' लिहिलेलं. चालायचा हाँगकाँगला, सिंगापूरला, चीनच्या बंदरांत. आणि पाडला जायचा कुठे, तर बहुतेक मुंबईच्या टांकसाळीत. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक इंग्रजी 'बी' आहे तो मुंबईचा. कलकत्त्याच्या डॉलरवर 'सी'. आयुष्यभर जी देवी पुजली तिच्या त्रिशुळावर मुंबईचा शिक्का होता आणि मला तो दिसला नव्हता. आमच्या डॉलरवर दोन चिनी ठसेही ठोकलेले आहेत. तिकडचे सराफ चांदी पारखून आपली खूण उठवायचे. म्हणजे हे नाणं मुंबईहून चीनला गेलं, तिथल्या दोन पेढ्यांनी तपासलं आणि मग कोणा खलाशाच्या पेटीतून परत कोकणात आलं. आजोबांना ते कोणी दिलं, कशाच्या बदल्यात, हे आता विचारायला घरात कोणी उरलेलं नाही.

म्हणून दुसऱ्यांदा गेलो.

इथे माझ्या मूर्खपणाचा आणखी एक किस्सा सांगणं भाग आहे, कारण दुकानाची खरी परीक्षा त्यातच झाली. गोव्याच्या पोर्तुगीज रुपयांचे १८८१ पासूनचे चांदीचे पाच प्रकार आहेत: लुईश राजाचा (१८८१ आणि १८८२), कार्लुश राजाचा (१९०३ आणि १९०४), गणराज्य झाल्यावरचा १९१२ चा, मग १९३५ चा आणि १९४७ चा. त्यानंतर १९५२ मध्ये आला तो तांबं-निकेलचा, त्यात चांदी नाही. माझ्याकडे पहिला आणि शेवटचा होता. मधले तीन पाहिजेत असं डोक्यात बसलं आणि घाईने मोबाईलवरून एका विक्रेत्याकडून १९०४ चा कार्लुश मागवला. फोटो झकास, भाव स्वस्त. तो खिशात घालून आबांकडे नेला, दाखवायला. खरं तर मिरवायला.

आबांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ते आधी नाण्याची कड बघतात. मग वजनकाटा. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा आहे. आकडा आला ९.७१. असायला हवा ११.६६ च्या आसपास. चलनात झिजलेला असला तरी दोन ग्रॅम झिजत नाही. एवढा झिजला असता तर राजाची मिशी उरली नसती, आणि इथे मिशी तर ताठ होती.

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात असं सोडलं की ते बुडेल पण तळाला टेकणार नाही. काट्यावर १.१३ दिसलं. वजनाला त्या आकड्याने भागायचं, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड ते कळतं. ९.७१ भागिले १.१३ म्हणजे साधारण ८.६. त्यानंतर माझाच लुईश तसाच सोडला: ११.६२ भागिले १.१३, म्हणजे १०.३ च्या जवळ. हजारात ९१७ भाग चांदीचं नाणं असंच येतं. ८.६ म्हणजे जर्मन सिल्व्हर. नावात सिल्व्हर, पोटात तांबं, जस्त आणि निकेल. चांदी नावालाही नाही. लोहचुंबकाला ते चिकटत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर विसंबून राहू नये हेही तेव्हाच कळलं.

या तपासणीचे पैसे घेतले नाहीत. माझं नाणं खोटं ठरल्यावर लगेच स्वतःकडचा कार्लुश पुढे करून विकायचाही प्रयत्न केला नाही. मी मागितला तेव्हा म्हणाले, "आज घेव नकात. आज तुमी रागात आसात." मी रागातच होतो. हजारांत गेलेले पैसे होते, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

त्या दिवशी दुपारी पाऊस लागला आणि मी तासभर अडकलो. गिऱ्हाईक नव्हतं. आबा म्हणाले, "डोळे मिटा नि हात फुडे करा." तळहातावर एकेक करून पाच रुपये ठेवले. "आता सांगा, जड खयचो?"

एकतीस वर्षांची नोकरी पणाला लावून मी तिसरा सांगितला. डोळे उघडले. पहिला आपला राणीछाप. दुसरा गोव्याचा लुईश. तिसरा मोंबासाचा, ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा १८८८ चा, त्याच्यावर मुकुट आणि सूर्य. चौथा जर्मन पूर्व आफ्रिकेचा, कैसर विल्हेल्म डोक्यावर गरुडाचं शिरस्त्राण घालून बसलेला. पाचवा इटालियन सोमालीलँडचा, १९१० नंतरचा. पाच सरकारं, चार राजे-राण्या, तीन किनारे, आणि पाचांचंही वजन तेच: ११.६६ ग्रॅम. म्हणजे आपला जुना एक तोळा, १८० ग्रेन. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आख्ख्या हिंदुस्थानला एकाच मापाचा रुपया केला आणि तो इथल्या व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापलीकडे गेला. झांझिबार, मोंबासा, दार-ए-सलाम सगळीकडे व्यापार रुपयातच चालायचा. मग जर्मन आले, इटालियन आले, त्यांनी स्वतःचं नाणं काढायचं ठरवलं, पण बाजाराला रुपयाच पाहिजे होता. म्हणून चेहरा आपला आणि वजन हिंदुस्थानचं, अशी नाणी पाडावी लागली. जर्मनांनी तर नावही 'रुपी' ठेवलं, आणि त्याचे आधी चौसष्ट पेसा केले. आपल्या रुपयाचेही तेव्हा पैसे चौसष्टच. पुढे १९०४ पासून त्यांनी शंभर हेलर केले.

गोव्याचंही तेच. पोर्तुगीजांचा आणि इंग्रजांचा १८७८ मध्ये करार झाला, १८८० पासून लागू. त्यात गोव्याचा रुपया इंग्रजी रुपयाच्या तोडीचा करायचा ठरलं आणि तो गोव्यात न पाडता इंग्रजांच्या टांकसाळीत पाडून घेतला. चेहरा लुईशचा, तोळा इंग्रजांचा. त्यामुळे १८८१ चा गोव्याचा रुपया तेरेखोलच्या खाडीअलीकडे आरोंद्यातही चालायचा आणि पलीकडे पेडण्यातही. पोटात मात्र त्यांचा हिशेब वेगळा: एका रुपयाचे सोळा तांगा, एका तांग्याचे साठ रैस. आजोबा 'तांगो' म्हणायचे ते मला अजून आठवतं. आम्हाला वाटायचं टांग्याबद्दल बोलतायत.

मग ही आफ्रिकेची नाणी वेंगुर्ल्यात कशी? हा माझा प्रश्न आबांना फारच पोरकट वाटला असावा. कोकणातला माणूस जहाजावर गेला, मोंबासाला सुतारकीला गेला, दार-ए-सलामला कारकुनीला गेला. येताना काय आणणार? चिठ्ठ्यांवरची गावं बघा. देवगडच्या एका घरातून मारिया तेरेझा थालर आलाय, अरब ज्याला रियाल म्हणायचे तो. वर साल १७८०, पण ते साल त्या नाण्यावर गोठलेलंच आहे. राणी गेली तरी तेच साल घालून दोनशे वर्षांहून जास्त पाडत राहिले, कारण लाल समुद्राच्या बाजारात त्याच चेहऱ्यावर विश्वास होता. दुसऱ्या महायुद्धात तो मुंबईतही पाडला. आबा म्हणतात, १७८० वाचून कोणी तुम्हाला अडीचशे वर्षांचं नाणं म्हणून भाव लावला तर उठून चालू लागा. या दुकानात तो 'नंतरची पाडणी' अशी चिठ्ठी लावूनच ठेवलाय, भावही त्याप्रमाणेच. ही एक गोष्ट सांगितली म्हणजे दुकानाची नियत कळावी.

तिसऱ्या फेरीला कार्लुश घेतला. १९०४ चा, खरा, मिशी थोडी झिजलेली, कडेला एक छोटा ठोका. पाण्यातली परीक्षा मीच केली, आबा नुसते बघत होते. त्याच दिवशी लुईशचा १८८१ चा पाव रुपयाही घेतला. नखाएवढं सुबक नाणं. आणि इथेच माझी तक्रार आहे, ती लिहिणारच.

पाव रुपया मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होता. घरी आल्यावर बॅटरीच्या उजेडात बघितला तर मुकुटाच्या खाचांत हिरवट चिकट काहीतरी. मऊ पाकिटातलं प्लास्टिक आपल्या दमट हवेत पाझरतं आणि नाण्याला चिकटतं. वेळेत निघालं नाही तर पृष्ठभाग खातं. हे मला आबांनीच दुसऱ्या फेरीत शिकवलं होतं! महागडी नाणी त्यांनी कडक, न पाझरणाऱ्या पापुद्र्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवलीत, पण छोटी नाणी अजून त्या जुन्या मऊ पाकिटांच्या वहीत आहेत. कोकणात, समुद्रापासून हाकेवर, पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी येते तिथे. खोलीत उजेड इतका कमी की विकत घेताना दिसलंच नाही. मी दुसऱ्या दिवशी परत नेला, ती खेप फेऱ्यांत धरत नाही. वाद घातला नाही, पैसे परत दिले, पण चूक झाली असंही म्हणाले नाहीत. "पावसाचे दिस," एवढंच. पाऊस वेंगुर्ल्यात नवीन आहे काय? तुम्ही गेलात तर छोटं नाणं पाकिटातून बाहेर काढायला लावा, खिडकीशी नेऊन बघा, आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी बघा.

दुसरी तक्रार बिलाची. बिल देतात, पण त्यावर 'जुने चांदी नाणे, १ नग' एवढंच. अशा बिलाचा उपयोग काय? मी हट्टाने देश, साल, वजन लिहून घेतलं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूत मोडतं. धंदा करायला परवाना लागतो, तो त्यांनी भिंतीला चौकटीत लावलाय. तसं नाणं देशाबाहेर मात्र नेता येत नाही. माझ्यासमोर दुबईला नोकरीला असलेला एक मुलगा १९११ चा पिग रुपी मागायला आला होता. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या पदकसाखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, आणि पुढच्या वर्षी सोंड नीट करून घ्यावी लागली, तो रुपया. आबांनी त्याला सरळ सांगितलं की घेऊन घरी आईकडे ठेवणार असशील तर देतो, बॅगेत घालून विमानात चढणार असशील तर देत नाही. मुलगा गेला. विक्री बुडाली. आबा परत भिंगात.

मोबाईलवर 'पाच रुपयाच्या जुन्या नाण्याचे पाच लाख' असले व्हिडिओ बघून लोक येतात, त्यांना आबा वैतागतात. आवाज चढवतात, बायाबापड्यांवरही. ते मला पटलं नाही. बिचारी माणसं एसटीचं भाडं खर्चून आशेने येतात. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये अशा जाळ्यांपासून सावध राहायला सांगितलं होतं, तेवढं शांतपणे सांगितलं तरी पुरे. एक बाई राम-सीता-हनुमानाचं चित्र असलेलं, वर ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल कोरलेलं नाणं घेऊन आली होती. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही, ते जत्रेतले बिल्ले. पण तिने ते देव्हाऱ्यात पुजलेलं होतं. आबा खेकसले. मला माझी ब्रिटानिया आठवली आणि मी मध्ये पडून तिला म्हटलं, पूजेला चालतं हो मावशी, विकायला चालत नाही.

चौथी फेरी १९१२ साठी. पोर्तुगालमध्ये १९१० च्या ऑक्टोबरात राजेशाही गेली, म्हणून या रुपयावर राजा नाही. वजन तेच, आपला तोळा. काही नगांवर सालातल्या शेवटच्या दोनच्या खाली एकाची पुसट रेघ दिसते, म्हणजे १९११ चा ठसा तयार होता, त्यावरच १२ कोरला. आबांकडे दोन होते, एक साधा आणि एक दोनखाली एक असलेला. भिंगातून ती रेघ मला काही केल्या दिसेना. दहा मिनिटांनी दिसली, किंवा दिसली असं वाटलं. साधाच घेतला. जे आपल्या डोळ्याला दिसत नाही त्याचे जादा पैसे का मोजा? सात हजार पडले, पाचशे कमी करून घेतले त्यातून. महाग आहे की स्वस्त ते तज्ज्ञांनी सांगावं. मुंबईच्या प्रदर्शनांत घासाघीस करणाऱ्यांना कदाचित कमीत मिळत असेल, पण येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च धरा. सामान्य राणीछाप आणि पंचम जॉर्ज मात्र आबांकडे बाजारापेक्षा चढेच वाटले. त्यासाठी इथवर येऊ नका.

१९३५ चा अजून मिळालेला नाही. तो आणि १९४७ चा, दोन्ही बारा ग्रॅमचे, तोळ्याचा हिशेब पोर्तुगीजांनी तिथे सोडला. १९३५ मध्ये चांदी अजून ९१७, १९४७ मध्ये थेट अर्धी. आपल्याकडे तरी काय, १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात निम्मीच चांदी राहिली होती. पुढे १९५८ मध्ये गोव्यात एस्कुदो आला, एका रुपयाला सहा. तीन वर्षांत पोर्तुगीजच गेले. आजोबांनी ते एस्कुदो कधी घरी आणले नाहीत. तोवर ते भट्टी सोडून परुळ्याला परतले होते.

अकरा राणीछाप आता घरी पुठ्ठ्याच्या चौकटीत आहेत, न घासता. बायकोचं म्हणणं, मग लक्ष्मीपूजनाला काय मांडायचं? तडजोड अशी झाली की चौकटीसकट मांडायचे. ब्रिटानियाला हळदकुंकू मात्र चौकटीच्या बाहेरूनच.

जायचं असेल त्यांच्यासाठी: बुधवारी बंद. सकाळी दहाच्या पुढे उघडतं, एक वाजला की आबा जेवायला आणि वामकुक्षीला जातात ते साडेचारशिवाय उगवत नाहीत. मधल्या वेळात बंदरावर किंवा डच वखारीच्या भिंतींकडे फिरून या, सावली शोधून. वजनकाटा आपला नेलात तरी त्यांना राग येत नाही, उलट खूश होतात. बॅटरी न्याच. मोबाईलने पैसे घेत नाहीत, रोख लागते. आणि घरून मोजून, सुटे करून न्या. तिसऱ्या फेरीला मी पाचशेच्या नोटा पुढे केल्या, त्यांना मला ऐंशी रुपये परत द्यायचे होते. त्यांनी सगळे खण उघडले. लुईश, कार्लुश, विल्हेल्म, व्हिक्टोरिया. दहाचं एक नाणं निघालं नाही. शेवटी जिना उतरून काजूगरवाल्याकडून सुट्टे मीच आणले.